७.२६ किलोचा गोळा : भरतीच्या मैदानापासून बालेवाडीपर्यंत

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर, जिकडे जावे तिकडे पहाटेच्या अंधारात पोरे पळताना दिसतात. पळून झाले की गोळा. हा गोळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मुलांसाठी ७ किलो २६० ग्रॅम, मुलींसाठी ४ किलो. ज्याच्या घरी भरतीची तयारी चालते, त्या घरात खाटेखाली किंवा पाण्याच्या माठाशेजारी हा लोखंडी गोळा पडलेला असतो. आई झाडताना तो पायाने सरकवते.

आमच्या भागातला असाच एक मुलगा. बारावी झालेला. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई रोजंदारीला. मोबाईलवर त्याने परदेशातल्या स्पर्धेची चित्रफीत पाहिली आणि संध्याकाळी मला गाठले. म्हणाला, "काका, हा हॅमर थ्रो म्हणतात तो गोळा अन् आमचा भरतीचा गोळा एकच का हो? आमचा दहा मीटरच्या आत पडतो आणि ह्यो मानूस ऐंशी मीटर टाकतोय. मी गोळ्याला तार बांधून फिरवून बघू का?"

तार बांधायची नाही, हे आधी सांगितले. का नाही, ते पुढे येईलच. पण त्याचा पहिला प्रश्न चुकीचा नव्हता. पुरुषांच्या हातोडाफेकीतला हातोडा तार आणि मूठ धरून ७.२६ किलोचा असतो. बायकांच्या हातोडाफेकीतला ४ किलोचा. म्हणजे भरतीला आपली मुले-मुली जे वजन उचलतात तेच. फरक इतकाच की त्याला पोलादी तार आणि तारेच्या टोकाला मूठ असते. पुरुषांच्या हातोड्याची गोळा, तार आणि मूठ मिळून लांबी जास्तीत जास्त १२१.५ सेंटिमीटर. नाव हातोडा असले तरी दगड फोडायच्या घणाशी आता त्याचे काही नाते उरलेले नाही. फार पूर्वी युरोपात खराखुरा लाकडी दांड्याचा हातोडा फेकीत, तेवढे नाव मागे राहिले.

मग दहाचे ऐंशी होतात कसे? खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या सिमेंटच्या वर्तुळात उभा राहतो. आपल्या घरातल्या दोन बाजा शेजारी टाकल्या तर जेवढी जागा व्यापतील साधारण तेवढेच हे वर्तुळ. जिकडे फेकायचे तिकडे त्याची पाठ असते. आधी डोक्यावरून दोन वेळा हातोडा घुमवतो, मग स्वतःच त्याच्याबरोबर गिरक्या घेऊ लागतो. तीन किंवा चार गिरक्या. उजव्या हाताचा खेळाडू डावीकडे वळतो. डावा पाय टाचेवर आणि बाहेरच्या कडेवर फिरत राहतो, उजवा पाय उचलून पुन्हा टेकतो. प्रत्येक गिरकीत वेग वाढत जातो. ऐंशी मीटरच्या फेकीला हात सुटताना गोळ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात असतो आणि त्या क्षणी तार खेळाडूला तीन क्विंटलहून जास्त जोराने बाहेर ओढत असते. ज्वारीची तीन पोती दोन हातांना लोंबकळताहेत आणि आपण एका पायाच्या टाचेवर फिरतोय, असे समजा. एवढे करून पाय वर्तुळाबाहेर पडला तर फेक बाद. ठरवून दिलेल्या दोन रेषांच्या बाहेर गोळा पडला तरी बाद. त्या दोन रेषांमधला कोन असतो जेमतेम ३५ अंशांचा.

म्हणून हा खेळ दंडाचा नाही, पायाचा आहे. यावर पैलवानी अंगाच्या लोकांचा विश्वास बसत नाही. जपानचा कोजी मुरोफुशी पाहा. हातोडाफेकीतल्या इतर आडदांड खेळाडूंच्या शेजारी तो सडपातळ दिसायचा. वडील शिगेनोबु मुरोफुशी हे १९७० ते १९८६ या काळात सलग पाच आशियाई क्रीडा स्पर्धांत हातोडाफेकीचे विजेते. बापाने मुलाला पाय फिरवायला शिकवले. मुलाने ८४.८६ मीटरपर्यंत मजल मारली आणि २०११ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, दक्षिण कोरियातल्या देगू येथे तो जगज्जेता झाला. जागतिक विक्रम सोव्हिएत संघाच्या युरी सेदिखचा. ३० ऑगस्ट १९८६ रोजी जर्मनीतल्या श्टुटगार्टला त्याने ८६.७४ मीटर फेक केली. इतर बहुतेक जण चार गिरक्या घेत, सेदिख तीनच घेई. त्याचे गुरू अनातोली बोंदारचुक हे स्वतः १९७२ चे ऑलिंपिक विजेते. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये गुरू-शिष्य एकाच वर्तुळात उतरले. शिष्याला सुवर्ण मिळाले, गुरूला कांस्य. असे गुरू मिळणे हेसुद्धा एक पदकच म्हणायचे.

आता पुण्याकडे येऊ. धाराशिवपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारले. तिथे ३ ते ७ जुलै २०१३ या काळात विसावी आशियाई अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती मुळात चेन्नईला व्हायची होती. पण श्रीलंकेचे खेळाडू येणार म्हणून तामिळनाडू सरकारने नकार दिला आणि स्पर्धा पुण्याला आली. अशा रीतीने आशिया खंडातली पुरुषांची हातोडाफेक महाराष्ट्राच्या मातीवर झाली. तिथे थाळीफेकीत भारताच्या विकास गौडाने सुवर्ण जिंकले. त्याचा जन्म म्हैसूरचा, पण लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला आणि तिथेच घडला. आपल्या देशाला पुण्यात मिळालेले फेकीचे सुवर्ण अमेरिकेतल्या मैदानावर तयार झाले होते, ही गोष्ट मला त्या वेळीही खटकली होती, आजही खटकते.

हातोडाफेकीत पहिला आला ताजिकिस्तानचा दिलशोद नझारोव. हा देश लोकसंख्येने आपल्या मराठवाड्याहूनही लहान. सोव्हिएत संघ फुटल्यावर स्वतंत्र झाला आणि लगेच यादवी युद्धात होरपळला. अशा देशातून आलेल्या नझारोवने २००६, २०१० आणि २०१४ अशा तीन आशियाई क्रीडा स्पर्धांत हातोडाफेकीचे सुवर्ण जिंकले होते. पुण्यानंतर तीन वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने ७८.६८ मीटर फेक करून सुवर्ण मिळवले. स्वतंत्र ताजिकिस्तानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. गरीब देशाचा मुलगा जगात पहिला आला, याचा आनंद कुणाला होणार नाही? मलाही झाला होता.

पण २०१९ साली एक जुनी बाटली उघडली गेली.

मोठ्या स्पर्धांत खेळाडूंच्या लघवीचे नमुने घेतात. नमुना दोन बाटल्यांत विभागून मोहोरबंद करतात. तपासून झाले की ते फेकून देत नाहीत, अतिशीत पेटीत वर्षानुवर्षे सांभाळून ठेवतात. आताच्या नियमाने दहा वर्षांपर्यंत ते पुन्हा तपासता येतात. यामागचे कारण सरळ आहे. आज जे औषध यंत्राला सापडत नाही, ते पाच-सात वर्षांनी निघालेल्या नव्या यंत्राला सापडते. नझारोवचा देगू येथील २०११ च्या जागतिक स्पर्धेतला नमुना असाच पुन्हा तपासला. त्यात ट्युरिनाबोल नावाच्या स्टेरॉइडचे अंश निघाले. त्याला दोन वर्षांची बंदी झाली आणि २९ ऑगस्ट २०११ ते २९ ऑगस्ट २०१३ या दोन वर्षांतले त्याचे सगळे निकाल रद्द ठरले. बालेवाडीची जुलै २०१३ ची स्पर्धा याच दोन वर्षांत येते. म्हणजे पुण्यात हजारो लोकांसमोर ज्याच्या गळ्यात पदक पडले, राष्ट्रगीत वाजले, झेंडा चढला, तो निकाल कागदावरून पुसला गेला. रिओचे सुवर्ण मात्र त्या मुदतीच्या बाहेरचे, ते त्याच्याकडेच राहिले.

मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. जुन्या वहीतली चूक कितीही वर्षांनी सापडली तरी पुढच्या सगळ्या बेरजा फिरतात, हे मला माहीत आहे. पण माणसांच्या बाबतीत बेरीज फिरवणे इतके सोपे नसते. ज्याला मैदानावर खालची पायरी मिळाली, त्याचा तो दिवस परत कोण देणार? वर सांगितलेल्या मुरोफुशीचेच उदाहरण घ्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या आद्रियान आनुशने ८३.१९ मीटर फेकले, मुरोफुशीने ८२.९१. अवघ्या २८ सेंटिमीटरने तो दुसरा. नंतर आनुशने मागितलेली फेरचाचणी द्यायला नकार दिला, त्याचे पदक गेले आणि सुवर्ण मुरोफुशीच्या नावावर लागले. त्याला न्याय काही दिवसांत मिळाला. पुण्यातल्यांना किती वर्षे लागली, ते आपण पाहिलेच.

हे ट्युरिनाबोल काय आहे, तेही सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट फक्त परदेशातली नाही. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत सरकारच्या संमतीने खेळाडूंना ते निळ्या गोळ्यांच्या रूपात दिले जाई. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनासुद्धा दिले, बऱ्याचदा जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत म्हणून सांगून. त्या मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, कुणाचे यकृत बिघडले. देश एक झाल्यावर तिथे खटले चालले, शिक्षाही झाल्या.

आपल्याकडे सरकार असे काही देत नाही. आपल्याकडे व्यायामशाळेतला ओळखीचा दादा देतो. भरतीच्या दिवसांत गावोगाव कुजबुज असते, अमक्याने मैदानावर जाण्याआधी सुई घेतली, तमक्याने डबा आणला. आमच्या त्या मुलानेही डबा आणला होता. आईने दोन महिन्यांच्या मजुरीतून मागे टाकलेले पैसे त्यात गेले. "काका, यात काय आहे ते वाचून सांगा," म्हणून तिनेच तो माझ्यापुढे ठेवला. सगळे इंग्रजीत. साखर किती, प्रथिने किती, ते मला कळले. खाली बारीक अक्षरात आणखी सात-आठ नावे होती, त्यातली निम्मी मला वाचताही येईनात. घटकांत लिहिलेले नाही असे काही डब्यात मिसळले आहे की नाही, हे तर प्रयोगशाळेशिवाय कुणालाच सांगता यायचे नाही. आणि खेळाचा नियम असा की शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. दुकानदाराने फसवले, दादाने दिले, मला माहीत नव्हते, असे म्हणून निर्दोष सुटता येत नाही. भारतात २०२२ मध्ये उत्तेजकविरोधी कायदाही झाला. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्यस्तरीय स्पर्धेत तपासणी अधिकारी मैदानावर आल्याचे कळताच पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे गायब. ही बातमी तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती.

त्या आईला मी सांगितले, डब्याचे पैसे तर गेले. यापुढे तेवढ्या पैशांत शेंगदाणे, हरभरे, अंडी आणा. पोराने ऐकले की नाही, माहीत नाही. मान डोलावली खरी.

आपल्या देशात हातोडाफेक नवी नाही. दूरदर्शनवरच्या 'महाभारत' मालिकेतला भीम आठवतो ना? रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या दारात सारी गल्ली जमायची. तो भीम म्हणजे प्रवीणकुमार सोबती, पंजाबचे, सीमा सुरक्षा दलातले. अभिनेता होण्याआधी ते देशाचे नावाजलेले फेकपटू होते. १९६६ साली किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी हातोडाफेकीचे रौप्य जिंकले. त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीत सुवर्ण आणि हातोडाफेकीत कांस्य. १९६८ आणि १९७२ अशा दोन ऑलिंपिकला ते गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. लोकांना गदा आठवते, हातोडा कुणाला आठवत नाही.

मग आपल्या जिल्ह्यातून असा फेकपटू का निघू नये? ताकद नाही म्हणून? उसाच्या मोळ्या उचलणारी, विटा वाहणारी, खडी फोडणारी घरे आपली आहेत. १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहाऱ्याकडचे दगडी वाडे कोसळले, तेव्हा ते दगड हातांनी उपसणारी माणसेही याच मातीतली. ताकद आहे. मेहनतही आहे. नाही ते वर्तुळ आणि नाही ती जाळी.

खो-खोचे पाहा. खो-खोला दोन खांब, एक मैदान आणि मन लावून शिकवणारा माणूस लागतो. तेवढे मिळाले तर आपल्या जिल्ह्याने काय केले? सारिका काळे ही इथलीच, बेताच्या घरची मुलगी. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची ती कर्णधार होती आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, तिथे त्याचे पाय कुणीतरी ओळखले आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण त्याने आणले. पळायला शाळेची वाटसुद्धा पुरते. हातोड्याला वाट पुरत नाही. त्याला पाय न घसरणारे सिमेंटचे पक्के वर्तुळ लागते, त्याभोवती कमीत कमी सात मीटर उंच मजबूत जाळी लागते आणि समोर शंभर मीटरपर्यंत माणूस-काणूस नसलेले मैदान लागते.

आता त्या मुलाला मी तार का बांधू दिली नाही, ते. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळातल्या पाला गावी राज्य ज्युनिअर अॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती. भालाफेक आणि हातोडाफेक एकाच मैदानावर एकाच वेळी सुरू ठेवली होती. पडलेले भाले गोळा करायला स्वयंसेवक म्हणून एक अकरावीचा विद्यार्थी मैदानात होता. हातोडा त्याच्या डोक्यावर आला. काही दिवसांनी तो रुग्णालयात गेला. तो स्पर्धकसुद्धा नव्हता. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर एका बाजूला क्रिकेट, मध्ये कबड्डी, कडेला बाया शेळ्या घेऊन चाललेल्या, अशा ठिकाणी दोरीला गोळा बांधून गिरक्या घ्यायच्या म्हणजे कुणाच्या तरी घरावर संकट आणायचे. दोरी सुटली तर गोळा कुणीकडे जाईल, हे फेकणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय पूर्ण वजनाचा हातोडा पोरांसाठी नाहीच. अठरा वर्षांखालच्या मुलांना ५ किलोचा, वीस वर्षांखालच्यांना ६ किलोचा असतो. अठराखालच्या मुलींना ३ किलोचा. सुरुवात रिकाम्या हातांनी, नुसत्या पायाच्या गिरक्यांनी करायची असते.

मुलींचे नाव काढले म्हणून सांगतो. ऑलिंपिकमध्ये बायकांची हातोडाफेक २००० साली आली, पुरुषांची शंभर वर्षे आधी, १९०० साली. पोलंडच्या अनिता व्लोदार्चिकने तीन ऑलिंपिक सुवर्णे घेतली आणि २०१६ मध्ये ८२.९८ मीटर फेकून विक्रम केला. तेव्हा भरतीचा ४ किलोचा गोळा घेऊन पहाटे बाहेर पडणाऱ्या पोरीला कुणी हसत असेल, तर त्याला हा आकडा सांगावा.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते ठरलेल्या पातळीवर यश मिळवलेल्या खेळाडूसाठी आहे. हातोडाफेकीत उतरणारे थोडे, त्यामुळे धावण्याच्या शर्यतीपेक्षा इथे गर्दी कमी. आपल्या जिल्ह्यात एका ठिकाणी जरी वर्तुळ, जाळी आणि जाणकार प्रशिक्षक मिळाला तर भरतीचा गोळा टाकणाऱ्या शेकडो पोरांतून दोन-चार पोरे निघतील, असे मला वाटते. त्यासाठी अर्ज कसा करायचा, ठराव कसा घ्यायचा, हे काम आम्हा कारकून मंडळींचे. ग्रामपंचायत असो की क्रीडा कार्यालय, दहा सह्यांपेक्षा शंभर सह्यांचा अर्ज जड भरतो, एवढे अनुभवाने सांगतो.

मागच्या रविवारी तो मुलगा पुन्हा आला. गोळा घरी ठेवून आला होता. अंगणात खडूने २.१३५ मीटरचे वर्तुळ आखून मागितले. माझ्याकडे गवंड्याची पट्टी नव्हती, त्याच्या वडिलांची आणली. मध्ये खिळा ठोकला, दोरी धरली, १०६ सेंटिमीटर आणि पाऊण सेंटिमीटर मोजून फिरवली. दोन्ही हात रिकामे जोडून, पाठ माझ्याकडे करून तो उभा राहिला आणि डाव्या टाचेवर फिरला. पहिल्या गिरकीत पडला. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा वर्तुळाबाहेर गेला. त्याची आई दारात उभी राहून हसत होती.